एकाहत्तर कड्यांची चेन नसते

आमच्या दुकानात येऊन कुणी नुसतं 'चेन द्या' म्हटलं आणि चेन घेऊन सरळ घरी गेलं, असं गेल्या अठरा वर्षांत एकदाही झालेलं नाही. याला कारण माझा मामा. हेइका नाव त्याचं. फिनलंडच्या अगदी वरच्या टोकाला, नदीकाठी, पेट्रोल पंपाला चिकटून माझं बर्फगाड्यांच्या, म्हणजे स्नोमोबाइलच्या, सुट्या भागांचं दुकान आहे. फोन, कॉम्प्युटर आणि बिलं मी बघते. मामा अठरा वर्षांपूर्वी 'दोन महिने मदत करतो, रिस्तेन' म्हणून आला, तो आजतागायत हललेला नाही. गिऱ्हाइकाचं डोकं खायचं खातं त्याच्याकडे आहे आणि ते तो मन लावून सांभाळतो.

आता बर्फगाडीची चेन म्हणजे काय, तर इंजिनाचा जोर खालच्या रबरी पट्ट्यापर्यंत नेणारी साखळी. गाडीच्या कुशीला तेलाची एक बंद पेटी असते. तिच्यात वर एक लहान दातेरी चाक, खाली एक मोठं, आणि दोघांना वेढून चेन. झालं. यात रामायण ते कसलं? पण मामा उलट चार प्रश्न टाकणार. वरच्या चाकाला दात किती? खालच्या चाकाला किती? चेनला कड्या किती? आणि चेनच्या रुंदीत पट्ट्या किती, अकरा की तेरा? एका जरी उत्तराला माणूस अडखळला, की मामा म्हणणार, जा, पेटी उघड, मोजून ये. मग बाहेर उणे तीस असो, नाहीतर तो माणूस साठ किलोमीटरवरून आलेला असो. लोक काकुळतीला येऊन गाडीचे कागद पुढे करतात. कंपनी सांगतात, साल सांगतात. मामा कागदाकडे बघतसुद्धा नाही. साल कागदावर असतं आणि दात पेटीत असतात, हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला ते झोपेतही ऐकू येतं.

वैताग याचा, की त्याचं म्हणणं बरोबर असतं. आमच्या गावात कुठलीच बर्फगाडी कारखान्यातून आली तशी उरलेली नाही. एकीचं नाक दुसरीला, दुसरीची सीट तिसरीला, आणि मेलेलीची पेटी जिवंत असलेलीला. ज्याला ओझं ओढायचं असतं तो वर कमी दातांचं चाक घालतो, म्हणजे गाडी हळू जाते पण रेटते. ज्याला रेनडिअरच्या कळपामागे पळायचं असतं तो जास्त दातांचं घालतो. आणि घातलेलं कुणी कुठे लिहून ठेवेल तर शपथ.

त्यात आमची माणसं. आमच्याकडे 'तुझी रेनडिअर किती' असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. कुणी आगाऊपणे विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत थोडी. बरं, कळपाचं ठीक आहे. पण या सवयीने लोक इतके वाया गेलेत, की चेनच्या कड्या किती विचारलं तरी तेच. आहेत की पुरेशा. दात किती? असायला हवेत तितके. अशा माणसांकडून आकडा काढायचा म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात. आणि पलीकडे मामा, ज्याला आकड्याशिवाय श्वास घेता येत नाही. या दोघांच्या मध्ये फोन कानाला लावून माझी अठरा वर्षं गेली.

मामा पहिल्यापासून दुकानातला नव्हे. त्याचा कळप होता. किती होता ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला आणि वरून सगळं गोठलं. जमिनीवर काचेसारखा थर बसला. रेनडिअर खुरांनी खणून खणून थकली, खालचं शेवाळ काही हाती लागेना. वसंतापर्यंत मामाने रोज सकाळी मेलेली मोजली. उरलेली चार दुसऱ्याच्या कळपात देऊन टाकली आणि तो माझ्याकडे आला. त्याने दोनच गोष्टी ठेवल्या. एक म्हणजे त्याची कानाची खूण. आमच्याकडे प्रत्येक मालकाची पाडसाच्या कानाला चिरा देण्याची वेगळी तऱ्हा असते, सरकारदरबारी नोंदलेली. मामाने ती नोंद मिटवू दिली नाही. आणि दुसरी त्याची ओझं ओढायची जुनी गाडी. ती माझ्या दुकानामागे ताडपत्रीखाली पडून असते. दर शरदात तो तिची पेटी उघडतो, चेन काढतो, पुसतो, मोजतो, तेल घालतो आणि परत बंद करतो. चालवत मात्र नाही. मी दरवर्षी म्हणायचे, मामा, कुठेही न जाणाऱ्या गाडीने माझी जागा का अडवायची? विकून टाक. तो हात पुसत आत निघून जायचा.

हिवाळ्यात पाहुणे येतात, दक्षिणेतले, परदेशातले. त्यांना रीत कशी कळणार? कॉफी पिता पिता विचारतात, तुमच्याकडे रेनडिअर किती हो? गावातला दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून निघून गेला असता. मामा शांतपणे सांगायचा, एकही नाही. ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याला राग कशाचा यावा? मला मात्र ते ऐकवायचं नाही. मी त्या वेळी उगाच बिलं चाळत बसायचे.

तर आता त्या वसंताची गोष्ट, जेव्हा मी माती खाल्ली.

रावना ही मामाच्या जुन्या सोबत्याची, पिएराची मुलगी. तिशीची असेल. पिएरा आदल्या शरदात गेला आणि कळप तिच्या गळ्यात पडला. तिचा हा एकटीचा पहिला वसंत. एप्रिलच्या शेवटी पोटुशा माद्यांना नदीपलीकडे न्यायचं असतं, डोंगराच्या दक्षिण उतारावर. तिथला बर्फ आधी वितळतो आणि पाडसं कोरड्यावर जन्माला येतात. अलीकडच्या ओल्या बर्फात पडली तर गारठून मरतात. नेतात कसं, तर चाऱ्याने भरलेली घसरगाडी बर्फगाडीला जोडायची आणि हळूहळू पुढे न्यायची. गळ्यात घंटा असलेली म्हातारी मादी चाऱ्याच्या वासाने मागे येते आणि तिच्यामागे बाकीच्या. हे सगळं नदीवरचा बर्फ फुटायच्या आत. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. गावातले बाकीचे कळप जड गाड्यांसकट आधीच पलीकडे गेले होते. रावना बापाच्या आजारपणात मागे पडली होती, ती मागेच राहिली. आणि चारा बांधून झाल्यावर तिच्या जड गाडीची चेन तुटली. तिच्याकडे दुसरी गाडी होती, पण हलकी. ती पळते, ओढत नाही.

गुरुवारी तिचा फोन आला. मामा डोळे दाखवायला शहरात गेला होता. ती म्हणाली, चेन तुटली आहे, बाबांच्या गाडीचे कागद माझ्या हातात आहेत, साल सांगते. मी सवयीने विचारलं, मोजलीस का?

"रिस्तेन, आता तू पण सुरू होऊ नकोस," ती म्हणाली. आवाज रडवेला होता.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मामा नव्हता. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ साल टाकलं आणि कॉम्प्युटरने सरळ उत्तर दिलं. वरचं चाक एकवीस दातांचं, खालचं एकेचाळीस, चेन सत्तर कड्यांची, अकरा पट्ट्यांची. एक बटण दाबलं आणि काम झालं. मनात म्हटलं, बघा, इतकं सोपं होतं आणि या म्हाताऱ्याने गावाला छळलं. संध्याकाळी मामा आला तेव्हा मी काही बोलले नाही.

सोमवारी टपालगाडीने चेन थेट रावनाच्या घरी पोचवली. मंगळवारी सकाळी रावना आमच्या दारात उभी, कोपरापर्यंत तेलात माखलेली. तिने चेन काउंटरवर टाकली आणि म्हणाली, पुरत नाही. दोन कड्या कमी पडत होत्या आणि शिवाय चाकं चेनपेक्षा रुंद होती. मामाने ती चेन उचलली, हातात फिरवली. मग माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, मग परत माझ्याकडे. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी घाईघाईने म्हटलं, लगेच दुसरी मागवते. पण मध्ये मे महिन्याच्या सुट्ट्या आल्या होत्या. फार लवकर म्हणजे पुढचा बुधवार. रावना म्हणाली, काठाला पाणी दिसायला लागलंय, शनिवारपर्यंत नदी टिकली तरी नशीब. पलीकडच्या एकाने तिला गाडी घेऊन यायचं कबूल केलं होतं, पण रविवारी, कारण त्याच्याही माद्या विणार होत्या. तोवर बर्फ राहणार नव्हता. सगळी पाडसं पहिल्याच वर्षी गेली तर कळप मोडला, हे तिने सांगायची गरज नव्हती. मामा बाजूलाच उभा होता.

मामाने टोपी चढवली आणि आम्ही तिघं रावनाच्या अंगणात गेलो. तिथे त्याने पेटीचं झाकण काढायला लावलं, वरच्या चाकाच्या एका दातावर खडूने खूण केली आणि बोट फिरवत गेला. मामा मोठ्याने मोजत नाही, ओठसुद्धा हलत नाहीत. वरचं एकोणीस निघालं, खालचं पंचेचाळीस. पट्ट्या तेरा. रावना म्हणाली, अहो पण काका, कागदावर तर एकवीस आणि एकेचाळीस आहे.

"तुझ्या बापाने कागद नाही बदलला," मामा म्हणाला, "पेटी बदलली."

मग आठवण निघाली. माझ्या मामाने ओझं ओढायची गाडी घेतली तेव्हा पिएरानेही हुबेहूब तशीच घेतली होती. पुढे त्याची नदीत गेली. बाहेर काढली तेव्हा पेटी तेवढी धड होती. ती त्याने या नव्या गाडीला बसवली, चाकांसकट. त्यालाही दहा वर्षं झाली. मुलीला सांगायचं राहून गेलं. आता यात कुणाला बोल लावायचा? बोल लावायला मी होतेच. पेटी उघडून दात मोजायला मी सांगितलं असतं, तर हे गुरुवारीच कळलं असतं. पाच दिवस मी एका बटणाखाली घालवले होते.

तुटलेली चेन फळीवर पसरून रावनाने मोजली. एकाहत्तर. मी मोजली, तरी एकाहत्तर. म्हटलं, चला, आकडा तरी मिळाला. मामा चेनकडे वळलासुद्धा नाही.

"एकाहत्तर कड्यांची चेन नसते," तो म्हणाला. "चेन नेहमी सम."

त्याने बाही वर केली, दोरीला बांधलेलं लोहचुंबक पेटीच्या तळाशी काळ्या तेलात सोडलं आणि कितीतरी वेळ ढवळत बसला. मला वाटलं, आता हे काय नवीन, इथे एकेक तास मोलाचा आणि हा तेल ढवळतोय. मी तसं म्हटलंही. तेवढ्यात चुंबकाला चिकटून तुटक्या पट्ट्या आणि एक खिळा वर आला. मामाने ते पुसून चेनच्या टोकाला ठेवलं. बहात्तरावी कडी. ती तशीच तळाशी राहिली असती आणि आम्ही नवी चेन चढवली असती, तर पहिल्याच चढावर तिने नवीचेही तुकडे केले असते. नदीच्या मध्यावर केले असते तर काय, ते बोलायला नको.

पण बहात्तर कड्या आणि तेरा पट्ट्या कळून उपयोग काय? तशी चेन दक्षिणेच्या गोदामात होती आणि गोदामाला सुट्टी. घोडं परत तिथेच अडलं. रावना पायरीवर बसली. डोळे पुसताना तिच्या गालावर तेलाचे पट्टे उमटले. मामाने एकदा नदीकडे बघितलं. मग म्हणाला, चला.

तो आम्हाला माझ्या दुकानामागे घेऊन आला आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागला. रावनाला काही कळलं नाही. मला कळलं. इतकी वर्षं मी त्या गाडीच्या नावाने खडे फोडले होते, आणि तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "मामा, ती नको."

"का?" तो वळून न बघता म्हणाला. "जागा अडवते ना?"

अठरा वर्षं बंद असलेलं इंजिन काही चालणार नव्हतं, पण चेन धड होती. त्याने पेटी उघडली. आतलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. चेन काढून त्याने पुसली, रावनाच्या हातात दिली आणि थांबला. पोरगी शहाणी, तिने विचारलं, काका, मोजू का? तो म्हणाला, मोज. खरं तर ती चेन त्याने अठरा वेळा मोजली होती. तरी ती एकेका कडीवर बोट ठेवत गेली तेवढा वेळ तो नुसता उभा राहिला. बहात्तर भरली. मग पट्ट्या मोजल्या. तेरा. मामाने मान हलवली, आणि आपल्या गाडीची रिकामी पेटी परत नीट बंद केली, चारही बोल्ट घट्ट पिळून. रिकाम्या पेटीला बोल्ट कशाला, असं एरवी मी म्हटलं असतं.

गुरुवारी पहाटेच्या गारठ्यात वरचा बर्फ पुन्हा कडक झाला होता. रावना गाडीवर, मामा मागच्या घसरगाडीत चाऱ्यावर बसलेला, हातात मूठभर शेवाळ धरून घंटावाल्या म्हातारीला चुचकारत. मी काठावर उभी होते. काठालगत टाचभर पाणी होतं. तिथे ती म्हातारी मादी अडली. गाडी थांबली. थांबलेली जड गाडी परत ओढायला लागते तेव्हाच चेनवर सगळा जोर येतो. रावनाने हळूच गती दिली. गाडी रेटली, घसरगाडी हलली आणि म्हातारीने पाण्यात पाय टाकला. तिच्यामागे सगळ्या गेल्या. किती, ते मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. पलीकडे पोचल्यावर मामाने टोपी काढून डोकं खाजवलं, एवढं मला इकडून दिसलं. शनिवारी दुपारी नदी फुटली.

जुलैत पाडसांना खुणा घालायच्या वेळी रावनाचा निरोप आला. नवी चेन आली आहे, काकांची काढून ठेवली आहे, त्यांना घेऊन ये. मामाने चेन ठेवायला एक पिशवी घेतली, खाली कागद घालून, तेल गळायला नको म्हणून. कुंपणात धूळ, डास, माद्यांची घुरघूर आणि पाडसांचा कालवा. रावनाने दोर टाकून एक पाडस धरलं, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, आणि मामासमोर आणून गुडघ्याखाली दाबलं.

"चाकू आहे ना काका?"

मामाचा चाकू पट्ट्याला होताच. त्याने विचारलं, कुणाची खूण घालू? त्याला वाटलं, हात कमी पडताहेत म्हणून बोलावलं असेल.

"तुमची," रावना म्हणाली.

मामा हलेना. पाडस धडपडत होतं, रावना घामाघूम झाली होती आणि हा उभा. मग तो खाली बसला. डाव्या कानाचं टोक, मागून दोन चिरा, उजव्याला पुढून एक खाच. अठरा वर्षांनी, आणि चष्मा न लावता. पाडस उठलं आणि आईला शोधत पळालं. आमच्याकडे कापलेले कानाचे तुकडे फेकत नाहीत. ज्याचे तो कमरेच्या पिशवीत टाकतो आणि संध्याकाळी एकटा बसून मनातल्या मनात मोजतो. इतरांच्या पिशव्या फुगल्या होत्या. मामाने आपला तुकडा सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

परत येताना अर्ध्या वाटेवर मला आठवलं. मी म्हटलं, मामा, पिशवी रिकामीच, चेन तिथेच राहिली. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, राहू दे.

नोव्हेंबरात पहिला जाड बर्फ पडला आणि पाहुणे आले. एक जोडपं काउंटरपाशी कॉफी घेत होतं. मागे एक गिऱ्हाईक चेनसाठी ताटकळत उभं. नवऱ्याने हसत हसत मामाला विचारलं, तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत? मी सवयीने बिलं ओढली आणि मान खाली घातली. 'एकही नाही' काही ऐकू आलं नाही. वर बघितलं, तर मामा कानापर्यंत लाल झाला होता.

"आमच्याकडे असं विचारत नाहीत," तो म्हणाला.

पाहुणा गोंधळला, माफी मागायला लागला. मामाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि त्याच रागात मागच्या माणसाला विचारलं, "आणि तू? मोजलेस का दात?"